खेळ कुणी सुरू करायचा?

‘नुसतं खेळवतात हो तिथं.’

मुलाला ऑक्युपेशनल थेरपीला घेऊन जाणाऱ्या आईबापांच्या तोंडी हे वाक्य हुबळी-धारवाडात हमखास येतं, आणि त्यात कौतुक नसतं. गदग, हावेरी, हलियाळकडून सकाळची बस धरायची, अर्ध्या दिवसाच्या कामावर पाणी सोडायचं, तासाचे पैसे मोजायचे. आणि आत काय, तर झोका, घसरगुंडी, उशांचा ढीग. संध्याकाळी घरी आज्जी विचारते, आज काय शिकवलं? सांगण्यासारखं काही नसतं. भावकीतलं बरोबरीचं पोर तोवर वहीभर अक्षरं काढायला लागलेलं असतं.

ही तक्रार मला गैर वाटत नाही. तिला उत्तर आहे, आणि ते मेंदूच्या अभ्यासातून गेल्या साठेक वर्षांत थोडंथोडं हाती आलेलं आहे. मात्र ते उत्तर थेरपी देणाऱ्यांनाही बांधून घालतं. छताला हूक ठोकला, झोका टांगला, मूल बसवलं, एवढ्याने खेळ होत नाही. आणि खेळ झाला नाही, तर त्या झोक्यातून मिळायचं ते फारसं मिळत नाही.

हुबळीच्या विद्यानगर भागातली वरच्या मजल्यावरची एक खोली. फरशीवर जाड गाद्या, कोपऱ्यात उशा, मधोमध दोरांवर टांगलेली रुंद फळी, जमिनीपासून वीतभर वर. पाच वर्षांचा मुलगा भिंतीला पाठ लावून उभा आहे. घरी मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी, अशा तीन भाषांतला. शाळेचं म्हणणं असं, की हा जागेवर बसत नाही, रांगेत पुढच्याला धडकतो, पेन्सिल इतकी दाबतो की कागद फाटतो. केस कापायला नेलं की अख्खं दुकान डोक्यावर घेतो.

थेरपिस्ट बाई फळीशेजारी जमिनीवर बसल्या आहेत. ‘ये, बस’ असं त्या म्हणत नाहीत. मुलगा येतो, फळीला बोट लावतो, ढकलतो. ती जाऊन परत येते. पुन्हा ढकलतो. मग पोट टेकवतो, पाय अजून जमिनीवरच. बाई काही बोलत नाहीत, टाळ्या वाजवत नाहीत. पाय उचलले जातात ते केवढ्या तरी वेळाने, आणि फळी हलते ती त्याने स्वतः जमिनीला रेटा दिला म्हणून. थांबली तसा तो मान वळवून पहिल्यांदा बाईंच्या डोळ्यांत पाहतो: ‘इन्नोम्मे!’ अजून एकदा. आता कुठे बाईंचा हात दोराला लागतो.

पुढे कापडी पिशव्या येतात, आत धान्य भरलेल्या. पोटावर पडून, झोका हलता ठेवून, त्या बादलीत टाकायच्या. मान वर धरावी लागते, एका हातावर भार घ्यावा लागतो, नेम धरावा लागतो. नेम साधला की बादली थोडी लांब जाते; दोनदा चुकला की गुपचूप जवळ येते. या कामातलं सगळं कसब मला त्या बादलीच्या अंतरात दिसलं. फार सोपं केलं तर मूल कंटाळतं, फार अवघड केलं तर उठून जातं. मधली जागा दर मिनिटाला बदलते, आणि ती मुलाच्या चेहऱ्यावरून ओळखावी लागते. आई मात्र बाहेर बाकावर बसलेली असते, दार लोटलेलं असतं, आणि हे तिला काहीच दिसत नाही.

या मांडणीचा उगम कॅलिफोर्नियातला. ए. जीन एअर्स (१९२०–१९८८) या तिथल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट. डोळे ठीक, कान ठीक, बुद्धी ठीक, तरी काही मुलं बटण लावताना, पायरी उतरताना, अक्षर गिरवताना का अडखळतात, हा प्रश्न घेऊन त्या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मेंदूचा अभ्यास करायला गेल्या. १९७२ साली त्यांचं संवेदन-समायोजनावरचं, म्हणजे ‘सेन्सरी इंटिग्रेशन’वरचं, पहिलं मोठं पुस्तक आलं. आपण शाळेत पाच ज्ञानेंद्रियं शिकतो. एअर्स यांनी भर दिला तो स्पर्शावर आणि त्या यादीत नसलेल्या आणखी दोन संवेदनांवर: तोलाची आणि स्नायू-सांध्यांची. या तिघांकडून येणारी खबर मेंदूत नीट जुळली, तर त्यावर लक्ष, हालचाल आणि शिकणं उभं राहतं, असं त्यांचं म्हणणं.

तोलाचं इंद्रिय कानाच्या आत असतं. तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोकं कुठे वळलं ते सांगतात, आणि चुन्याचे सूक्ष्म स्फटिक असलेल्या दोन पिशव्या ते किती कललं ते सांगतात. हे ज्ञान थेट डोळ्यांच्या स्नायूंना पोचतं. फळ्यावरून वहीकडे मान वळवताना समोरची अक्षरं थरथरत नाहीत, त्याचं श्रेय या नळ्यांना आहे. म्हणजे झोक्यावर पोटावर पडून बादलीवर नजर खिळवणं आणि वर्गात फळा उतरवून घेणं या दोन्हींत यंत्रणा एकच राबते.

स्नायू-सांध्यांच्या जाणिवेचं रहस्य तर अगदी अलीकडे उलगडलं. दाब आणि ताण ओळखणारं ‘पीझो-२’ हे प्रथिन अर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळेने शोधलं. २०२१च्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी. ज्यांच्यात हे प्रथिन जन्मतःच काम करत नाही अशा दोन रुग्णांचं वर्णन अमेरिकी डॉक्टरांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलं. डोळे उघडे असले तर त्यांना चालता येई; डोळ्यांवर पट्टी बांधली की तोल जाई. आपले हातपाय कुठे आहेत हे त्यांना पाहूनच कळत होतं. विद्यानगरातल्या मुलाचं असं काही बिघडलेलं नाही. पण पेन्सिलीवर किती जोर द्यायचा हे ज्या खबरीवरून ठरतं, ती अंधुक पोचत असेल तर मूल जास्त दाबून पाहणार, धडकून पाहणार, उड्या मारून पाहणार. मोठ्यांना त्यात नाठाळपणा दिसतो.

इथवरची गोष्ट इंद्रियांची झाली. मग मुलाला बसवून झोका आपणच का हलवू नये? तेवढंच तोलाच्या इंद्रियाला खाद्य मिळेल, वेळही वाचेल.

याचं उत्तर मांजरीच्या पिलांनी १९६३ मध्ये दिलं. रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन या दोघांनी पिलं अंधारात वाढवली आणि रोज थोडा वेळ जोडीजोडीने उजेडात आणली. गोल पिंजऱ्यात मध्ये एक खांब, त्याला आडवी दांडी. दांडीच्या एका टोकाला जुंपलेलं पिलू स्वतःच्या पायांनी फिरे. दुसऱ्या टोकाला टांगलेल्या पाळण्यात दुसरं पिलू बसलेलं, पहिलं फिरेल तसं आयतं फिरणारं. दोघांना सारखंच दिसत होतं. पुढे तपासलं तेव्हा चालणाऱ्या पिलाला खोलगट कडा कळत होती, जवळ येणाऱ्या जमिनीवर ते पाय टेकायला पुढे करत होतं. पाळण्यातल्या पिलाला हे जमेना. डोळे तेच, उजेड तेवढाच. स्वतः हललेल्या पायांचा अनुभव मात्र त्याच्या वाट्याला आला नव्हता.

मेंदू हालचालीचा हुकूम सोडतो तेव्हाच ‘आता असं जाणवेल’ असा अंदाजही बांधतो, आणि प्रत्यक्ष खबर आली की अंदाजाशी ताडून पाहतो. फरक पडला तर पुढचा हुकूम सुधारतो. या कामात लहान मेंदूचा मोठा वाटा आहे. दुसऱ्याने झोका दिला तर हुकूमही नाही आणि अंदाजही नाही. नुसती खबर येऊन जाते. म्हणून बाई थांबल्या होत्या. त्यांचं ते गप्प बसणं हेच उपचाराचं काम होतं, आणि ‘नुसतं खेळवतात’ म्हणणाऱ्याला नेमकं तेच दिसत नाही.

खेळण्याची ओढ मेंदूत किती खोल असते, हे यानंतर पाहण्यासारखं आहे. याक पँकसेप यांनी १९९० च्या दशकात उंदरांना गुदगुल्या केल्या. ५० किलोहर्ट्झच्या आसपास, माणसाच्या कानाला न ऐकू येणाऱ्या पट्टीत, उंदीर आनंदाने चिवचिवतात हे त्यांना आढळलं. हात काढला तर ते हाताच्या मागे धावत. मेंदूचा वरचा थर जन्मानंतर लगेच काढून टाकलेली पिलंही एकमेकांशी खेळतात, हेही त्यांच्याच प्रयोगांत दिसलं. खेळाचं मूळ विचार करणाऱ्या मेंदूच्या पुष्कळ खाली आहे. बर्लिनच्या मिखाएल ब्रेख्त यांच्या गटाने २०२३ मध्ये मेंदूच्या देठातला त्यासाठी आवश्यक असा एक भागही दाखवून दिला. याच गटाने २०१९ मध्ये उंदरांना लपाछपी शिकवली होती. बक्षीस म्हणून खाऊ नव्हता. सापडलं की गुदगुल्या आणि थोडी मस्ती, बस.

पण मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो त्यांचा २०१६चा निष्कर्ष. उंच, उघड्या चौथऱ्यावर ठेवून गुदगुल्या केल्या तर उंदीर हसत नाहीत. भीती असली की खेळ बंद. किंचाळणाऱ्या मुलाला ‘सवय होईल’ म्हणत झोक्यावर धरून ठेवणाऱ्या मोठ्यांनी हे ध्यानात घ्यावं. त्या वेळी त्याच्या मेंदूत जे चाललेलं असतं ते खेळाचं नसतं.

कॅनडातले सर्जिओ पेलिस आणि त्यांचे सहकारी आणखी पुढे गेले. खेळकर जोडीदारांसोबत वाढलेली पिलं आणि न खेळणाऱ्या प्रौढ उंदराच्या सोबतीत वाढलेली पिलं, यांच्या कपाळामागच्या मेंदूतल्या पेशींची ठेवण त्यांना वेगळी दिसली. खेळलेल्यांमध्ये अनावश्यक फांद्या छाटल्या गेल्या होत्या. तो भाग स्वतःला आवरण्याचा, समोरच्याचा अंदाज घेण्याचा. उंदरावरून मुलावर उडी मारताना जपून असावं, हे खरं. तरी मूल काही ‘शिकत’ नसताना, नुसतं दंगा करत असताना मेंदू रिकामा बसत नाही, एवढं यावरून म्हणता येतं.

दिवाळीच्या अंकात लिहितो आहे, म्हणून ज्या मुलांना दिवाळी सोसत नाही त्यांच्याबद्दल थोडं. उटणं अंगाला लागलं की ओरडणारी, नव्या कपड्याचं लेबल मानेला टोचतं म्हणून शर्ट फेकणारी, पहिला सुतळी बॉम्ब वाजला की पलंगाखाली जाणारी मुलं प्रत्येक गल्लीत असतात. ‘लाडावलंय’ हा निकाल तयारच असतो. लॉस एंजेलिसमध्ये शूलामाइट ग्रीन आणि सहकाऱ्यांनी स्वमग्न मुलांच्या मेंदूचं चित्रण करताना त्यांना रहदारीचा आवाज ऐकवला आणि खरखरीत लोकर हाताला घासली. बहुतेक मेंदू अशा त्रासाला थोड्या वेळात सरावतात. ज्या मुलांना अशा गोष्टींचा अतोनात त्रास होतो, त्यांच्या मेंदूतलं भीतीचं केंद्र सरावत नव्हतं. पुन्हा पुन्हा तेच झालं तरी ते पेटतच राहत होतं. अशा मुलाला उटणं त्याच्याच हाताने लावू द्यावं, लेबल कापून टाकावं, फटाक्यांच्या वेळी आतल्या खोलीत कुणीतरी सोबत बसावं. याला डॉक्टर लागत नाही.

आता अवघड बाजू. ही थेरपी काम करते का?

अमेरिकेत रोझॅन शाफ आणि सहकाऱ्यांनी ४ ते ८ वर्षांच्या ३२ स्वमग्न मुलांवर केलेला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आशा देतो: दहा आठवड्यांत ३० सत्रं, आणि आईबापांनी आधी ठरवलेली उद्दिष्टं थेरपी मिळालेल्या गटाने जास्त गाठली. ब्रिटनमधला मोठा अभ्यास २०२२ मध्ये आला, १३८ मुलांचा. तिथे मुलांच्या चिडचिडीवर नेहमीच्या उपचारांपेक्षा वेगळा फरक दिसला नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच सांगितलं होतं, की ‘संवेदन-प्रक्रियेचा विकार’ असं स्वतंत्र निदान करू नये, आणि पुरावा मर्यादित आहे हे पालकांना स्पष्ट सांगावं. दुसरीकडे २०१३ पासून स्वमग्नतेच्या अधिकृत निकषांत संवेदनांच्या अतितीव्र किंवा मंद प्रतिसादाला जागा मिळाली. मुलांचा त्रास खरा आहे हे सर्वमान्य. कोणत्या उपायाने तो किती कमी होतो, यावर काम चालू आहे.

माझं मत असं, की एवढा पुरावा पाहता थेरपी घ्यावी, पण उद्दिष्ट रोजच्या जगण्यातलं असावं. ‘मेंदू सुधारेल’ याला काही मोजमाप नाही. ‘तीन महिन्यांत न्हाव्याकडे न रडता बसेल’, ‘स्वतःच्या हाताने भात कालवून खाईल’ याला आहे. ठरलेल्या मुदतीत ते झालं नाही तर योजना बदलायला हवी. हुबळी-धारवाड या जुळ्या शहरांत आता वर्षभराचं पॅकेज आगाऊ भरून घेणारेही आहेत. अंगावर ब्रश फिरवणं, जड जाकीट घालून बसवणं, अशा गोष्टी एकसारख्या सगळ्या मुलांना लावल्या जातात. त्यांना आधार त्याहूनही कमी आहे. तिथे मूल पुन्हा पाळण्यातलं पिलू होतं.

या प्रदेशाला झोका कुणी शिकवायला नको. उत्तर कर्नाटकात नागपंचमी म्हणजे जोकाली. झाडांना, माळवदाच्या तुळयांना दोर बांधले जातात, माहेरी आलेल्या लेकी उभ्याने झोके चढवतात. फुगडीत दोन मुली एकमेकींच्या ओढीवर तोल धरून गरगरतात. ठिकऱ्या, लंगडी, लगोरी, विटीदांडू यांत तोल, जोर आणि नेम एकाच वेळी कामाला लागतो. हे खेळ थेरपीची जागा घेतील असं मी म्हणत नाही. ज्या मुलाला गर्दी सोसत नाही, ज्याला आपली पाळी कधी येते ते कळत नाही, ते अंगणातल्या खेळातून पहिल्याच दिवशी बाहेर फेकलं जातं, आणि त्याच्यासाठीच ती बंद खोली लागते. पण बाकीच्यांचं अंगण पार्किंगला देऊन, मग लक्ष लागत नाही म्हणून त्यांना थेरपीला पाठवायचं, हे मला पटत नाही.

ऑक्युपेशनल थेरपीच्या व्यवसायाचा भारतातला आरंभ मराठी मुलखातला आहे. एलिझाबेथ लंडी या अमेरिकी बाई विष्णू निंबकरांशी लग्न करून कमला निंबकर झाल्या, आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी देशातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा उभी केली. १९५२ मध्ये या व्यवसायाची जागतिक संघटना झाली, तिच्या संस्थापक देशांत भारत होता. फलटणची कमला निंबकर बालभवन ही मॅक्सीन बर्नसन यांनी काढलेली शाळा त्यांचंच नाव चालवते. केईएममधली शाळा निघाली तेव्हा धारवाड जिल्हा मुंबई राज्यातच होता, १९५६ पर्यंत. राज्याची सीमा बदलली आणि मुंबईत सुरू झालेलं ते काम इकडे फार सावकाश पोचलं. धारवाडचं मनोरुग्णालय १८४५ पासूनचं, आजची डिम्हान्स. हुबळीचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९५७ चं. मोठ्या संस्था होत्या. पण मुलांसोबत जमिनीवर बसून तासभर खेळणाऱ्या प्रशिक्षित माणसांची वानवा राहिली, ती आजही आहे.

गरज किती मोठी आहे याचा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच ठिकाणच्या पाहणीतून येतो. त्यात उत्तर गोवा हे एक ठिकाण होतं. ६ ते ९ वर्षांच्या मुलांत मज्जासंस्थेच्या वाढीशी संबंधित नऊपैकी किमान एक अडचण असणाऱ्यांचं प्रमाण ठिकाणागणिक ६.५ ते १८.५ टक्के निघालं. एवढ्या मुलांना पुरतील इतके थेरपिस्ट कोणत्याही जिल्ह्यात नाहीत आणि लवकर होणारही नाहीत.

घाट उतरला की गोवा, आणि तिथे एक वाट चाचपून झालेली आहे. ‘संगाथ’ या संस्थेने पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या आणि ब्रिटनच्या संशोधकांसोबत २ ते ९ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांवर एक अभ्यास केला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार करणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. आई आणि मूल खेळतानाचं चित्रीकरण करायचं, आणि नंतर आईसोबत बसून ते पाहायचं. मुलाने कुठे सुरुवात केली, आपण कुठे थांबलो, कुठे मध्येच घाई केली, हे आईला स्वतःच्याच खेळात दिसे. सहा महिन्यांत बारा बैठका. आया मुलाच्या कलाने खेळायला लागल्या आणि मुलंही आपणहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली. हा अभ्यास संवादाचा होता, झोक्याचा नव्हे. पण दोन्हींतलं मर्म एकच, की पहिली चाल मुलाची.

२०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांतली मुलं तपासायची आणि जिल्ह्याच्या केंद्रात पुढचे उपचार करायचे, अशी सोय आहे. तपासणी आणि थेरपिस्ट यांच्यामधली ही चित्रीकरणाची पायरी त्याच यंत्रणेत बसवता येईल. अंगणवाडीच्या, आशा कार्यकर्त्या बायकांना शिकवून, एक फोन हाती देऊन. खासगी केंद्रांनीही आईला बाहेर बाकावर न बसवता आत घ्यावं. एक तास संपल्यावर उरलेला आठवडा मूल तिच्याजवळच असतं.

आणि तिने कोणत्या भाषेत खेळायचं? हुबळीच्या मराठी घरांना अजूनही सर्रास सल्ला मिळतो, की मूल उशिरा बोलतंय तर मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा. दोन भाषांत वाढणाऱ्या स्वमग्न मुलांचं बोलणं त्यामुळे आणखी मागे पडतं, असं कॅनडात आणि इतरत्र झालेल्या अभ्यासांत आढळलेलं नाही. सल्ला मानून आज्जी गप्प होते, आई अडखळत्या इंग्रजीत ‘कम, सिट’ एवढंच म्हणते, आणि मुलाशी खेळणारी घरातली दोन माणसं कमी होतात. विद्यानगरातल्या त्या मुलाने ‘इन्नोम्मे’ गल्लीतून उचललं, ‘अजून’ तो आज्जीपाशी म्हणतो. दोन्ही शब्द त्याला हवे आहेत, आणि त्याच्या घरी जाणारी कार्यकर्ती दोन्ही जाणणारी असावी.